बिस्किटाच्या डब्यातली मरणं

आधीची तीन गेली, म्हणून चौथ्याला
जनकाबाईने उकिरड्यावर ठेवला,
उचलून घेतला, नाव दिलं उखर्डू.
मरणाने बघावं आणि नाक मुरडून पुढे जावं,
एवढाच हिशेब.

पारोळ्याच्या शिंपी गल्लीत काजं-बटणं करणारा पोरगा.
अमळनेरला नाटक कंपनी उतरली,
राणीची चोळी ऐन वेळी उसवली,
सुईदोरा घेऊन विंगेत गेला
तो परत आलाच नाही.

मास्तरांना त्याचा गळा पसंत पडला. ळ पसंत पडला नाही.
आमच्याकडे ळ नसतोच.
डोळ्याला डोया, केळीला केयी.
जिभेखाली सुपारी ठेवून वर्षभर घोकंपट्टी:
"काळ म्हण." "काय."
"काळ!" "काय."
छडी तुटली तेव्हा ळ आला.

सहा वर्षं राण्या, मिशी फुटल्यावर नऊ वर्षं राजे.
जाहिरातीत मास्टर इंद्रनाथ.
मग बोलपट आला, तिथे त्याला कोणी राज्य दिलं नाही.
कैदी, हवालदार, हिरोचा बाप,
जिन्यावरून, घोड्यावरून, कड्यावरून पडणारा कोणीतरी.
मध्यंतरानंतर मरायचा.
फार सुरेख मरायचा:
हात आधी, मग मान,
डोळे सगळ्यात शेवटी,
शिंप्याने दाताने दोरा तोडावा तसे.

मी तेव्हा तंबू टॉकीजला ऑपरेटर.
जनकाबाई मशीनच्या मोटारीपाशी आली, पदरात शेंगा.
"भाऊ, मन्हा पोऱ्याले मरू देऊ नको."

कात्री माझ्याकडे होतीच.

पारोळ्यात त्या खेळाला इंद्रनाथ जिन्यापर्यंत यायचा,
कठड्याला हात लावायचा,
आणि एकदम दुसऱ्याच सीनमधली बैलगाडी.
पब्लिक शिट्ट्या मारायचं, पैसे परत मागायचं.
बाई लुगडं झटकून उठायची.
"गया व्हई कामले."

तुकडा रात्री परत जोडायचा, असा नियम.
काही जोडले नाहीत, खोटं कशाला बोलू.
रिळं तशीच पुढे शिरपूरला, शहाद्याला गेली.
तिकडेही तो मेला नसणार.

ती गेली तेव्हा तो भाड्याच्या मोटारीने आला.
बोरीच्या काठी उभा राहिला, रडला नाही.
गावाने नावं ठेवली.
मला हळूच म्हणाला,
"कुठे बघायचं तेच कळत नाहीये."

म्हातारपणी गावालाच राहिला.
दात गेले, त्यांच्याबरोबर ळही गेला.
ओट्यावर बसून शाळेच्या पोरांची बटणं लावून द्यायचा,
पैसे नाही घ्यायचा, फक्त विचारायचा,
"पिच्चर पाह्यला का माझा?"
कोणी पाहिलेला नसायचा.

रोटांच्या दिवसांत, दुपारी मी चहा घेऊन गेलो
तर दाराकडे बघत म्हणाला,
"काय आला."
मी वळून पाहिलं. उन्हात एक शेळी.
म्हटलं, काय आला? कोण आला?
तो हसला बहुतेक.

डोळे आधी मिटले. हात कितीतरी वेळाने सुटला,
मान तशीच ताठ.
मास्तरांनी छडी मारली असती.

डबा अजून माझ्या माळ्यावर आहे.
उघडला की आंबूस वास येतो, सून ओरडते.
परवा एक पट्टी ट्यूबलाइटपुढे धरली:
कठडा, कठड्यावर हात, पाय पायरीच्या बाहेर,
पडणं अजून सुरू व्हायचंय.

एका सेकंदाला चोवीस चौकटी लागतात.
मी मोजल्या.
एकोणीसच आहेत.