काठ कोणत्या महिन्याचा

तालुक्याहून आलेला फॉर्म समुद्रासाठी छापलेला होता.
भरतीरेषा, ओहोटीरेषा, खाजण, पुळण.
चिखलटोल्याच्या तलावाला यातलं काय लागू नाही
ते खोडायला मोजणीदार नेवारे आला,
फटफटीच्या मागे टेप बांधून,
आणि मी, मच्छीमार संस्थेचा सचिव,
शिक्का खिशात घालून पाळीवर उभा.

"काठ दाखवा," तो म्हणाला.

फुलवंता वलथरे तुडमाजवळ
टोपलीवर वाकवून देवधान झोडत होती.
हात न थांबवता तिनं विचारलं,
"कोनत्या महिन्याचा?"

भादव्यातला काठ शाळेच्या पायरीले.
हा कार्तिकातला, माह्या पायापाशी.
चैतात तो चालत चालत आत जाते,
या सचिवाच्या बापाची म्हैस फसली होती तेथवर,
आन् त्याच्या मागं मागं आमी डांगरं लावतो.
"भरती सालातून एकडाव येते साहेब.
ओहोटी आठ महिने चालते."

नेवारेनं काहीतरी लिहिलं. मग खोडलं.

मी त्याला सांगितलं नाही, पण कागदावर हा तलाव एक नाही.
पाणी जिल्हा परिषदेचं,
त्यातली मासोळी आमची, ठेका संपेपर्यंत.
तळ महसुलाचा, पण उघडा पडला की;
पाण्याखाली असताना तळ कोणाचा,
हे मी दोनदा लेखी विचारलं,
दोनदा उत्तर आलं: अर्ज पुढे पाठवला आहे.
पाणकोंबडी वनखात्याची.
ती ज्या गवतात अंडी घालते ते गवत कोणाचंच नाही,
म्हणून तिथे बेशरम माजली.

ती उपटली बायांनी, दोन उन्हाळे, मुळासकट.
शेजारच्या बोडीतून डोक्यावर आणलं
गाद, चिऊल, परसूड,
आणि चिखलात रोवलं, रोवणीसारखं, ओळीनं,
फक्त गाणं न म्हणता; दम नव्हता.
मजुरी मागितली तर म्हणाले, हे वृक्ष नाहीत.
पहिल्या साली जाळ्यात शेवाळ.
दुसऱ्या साली मरळ आली,
आणि घोगर, जी माझ्या पोरानं पाहिलीच नव्हती.
तो तिला हात लावेना.

गेल्या फागुनातली सभा मात्र वाईट झाली.
झनकलाल बिसेन उठून बोलला,
"माझं उन्हाळी धान गर्भात आहे.
मासोळी आत सरकून जाईल. धान कुठं सरकेल?"
याला उत्तर नव्हतं. अजूनही नाही.
खूप वेळ फक्त मोटारीचा आवाज, कोणाच्या तरी शेतातला.
मग फुलवंता म्हणाली, तुडमाच्या पायऱ्या मोजा.
पाणी तिसरीले टेकलं का डाट लावायची.
तिसरीखालचं पाणी कोनाचंच नाही,
मंजे समद्याचं.
हात वर झाले. बिसेनचा मांडीवरच राहिला.

वैशाखात पाणी तिसरीला टेकलं ती रात्र
मी जागा राहणार होतो. झोपलो.
सकाळी पाहतो तर डाट लागलेली,
घट्ट, थेंब झिरपत नव्हता,
आणि तिला गुंडाळलेलं पोतं
बिसेनच्या कोठ्यातल्या युरियाचं.
त्याचं कोपऱ्यावरचं अर्ध धान त्या साली पोचट निघालं.
आम्ही त्याच्या घरी एक घोगर पाठवली.
त्यांच्यात माळ घातलेली आहे, खात नाहीत.
ठेवून घेतली. मांजरीला घातली असेल.

हे कोणत्या रकान्यात बसवायचं
नेवारेला कळेना, मलाही.
"व्यवस्थापन करणारी यंत्रणा" पुढे त्यानं लिहिलं: स्थानिक.
मी शिक्का मारला. थोडा तिरपा पडला.

जाताना त्यानं पाण्याच्या अगदी कडेला खुंटी ठोकली,
लाल रंगाची, आकड्यासकट.
म्हणाला, ही हलवायची नाही.
कोणी हलवली नाही.
आठ दिवसांत पाणीच दोन हात मागं गेलं,
आणि फुलवंतानं तिच्यावर
जाळं वाळत घातलं.

माझ्याजवळच्या प्रतीत मी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय:
महिना विचारून मोजावे.