दाराच्या आतल्या बाजूचे भाव

आमच्या उदगीरच्या मोंढ्यात
मिऱ्याची वेल कुणी पाहिलेली नाही.
तूर पाहिली, करडई पाहिली, सोयाबीनचे डोंगर पाहिले,
पण मिरं येतं ते पोत्यातच जन्मल्यासारखं,
वर कोचीचा शिक्का,
आणि पोतं फोडलं की पापा हमाल
पार मागच्या गल्लीपर्यंत शिंकत जातो.

अप्पा भाव वहीत लिहीत नसत.
वही आयकराची, म्हणायचे, दार माझं.
गोदामाच्या सागवानी दाराला आतून
तीन इंची खिळ्यानं कोरायचे
आधी साल, मग किलोचा भाव.
नव्व्याण्णव : दोनशे पंधरा.
त्याच्या शेजारी एक आकडा आहे, दोन किलो सहाशे.
त्याला भाव नाही.
ती मी.
दवाखान्यातला काटा बिघडला होता
म्हणून दुकानातल्या पारड्यात तोलले गेले,
नुकतं मिरं उतरवलेल्या.
आई म्हणते, रडायच्या आधी तू शिंकलीस.

मग दोन हजार एक : एकशे दहा.
दोन हजार तीन : अठ्ठ्याहत्तर.
यातला आठ इतका खोल आहे
की त्यात करंगळीचं नख बसतं.
व्हिएतनाम नावाच्या देशात कुणीतरी
उतारावर खांब रोवत सुटलं होतं
आणि इकडे दोनशे दहानं भरलेली चाळीस पोती
भिंतीला टेकून बसली होती, पाहुण्यांसारखी.
साऱ्या जगानं आमच्या डोक्यावर मिरे वाटले,
व्यंकोबा मुनीम म्हणायचे,
तेही आमच्याच पोत्यातले.

मिरं सडत नाही, हेच वाईट.
ज्वारी भिजते, काळी पडते,
माणूस एकदाचा शिव्या देऊन मोकळा होतो.
मिरं वाट बघायला लावतं.
चौदा साली सातशे झालं
तेव्हा चाळीसातली तीन पोती उरली होती.
बाकीची कधी पंच्याण्णवनं, कधी एकशे तीसनं,
ताईच्या लग्नात, गोदामाच्या पत्र्यांत,
एक तर नुसतंच, कुणाचं तरी मन राखायला.
सातशे हा आकडा अप्पांनी फार हलक्या हातानं कोरलाय.
बोट फिरवल्याशिवाय दिसत नाही.

खैरुनबी लग्नाघरचं येसूर करून देते.
भाव विचारत नाही. विचारते,
"आज किती तिखट हाय गं?"
मी मोबाइल बघून सांगते
ब्राझीलला पाऊस नाही,
व्हिएतनामवाले मिऱ्याच्या जागी कॉफी लावायलेत,
कोची साडेसहाशेच्या वर.
ती सगळं ऐकून घेते, जावेच्या तक्रारी ऐकाव्यात तसं,
आणि पाण्याच्या वाटीत चिमूटभर दाणे टाकते.
पपईच्या बिया तरंगतात. मिरं बुडतं.
बुडालं की म्हणते, "दे पावशेर."
अठ्ठ्याहत्तरला पावशेर. सातशेला पावशेर.
"येसुराला भाव कळत नाही पोरी,
वऱ्हाडाच्या नाकाला कळतं."

आता शटर बसवायचंय.
जुन्या लाकडाचा व्यापारी मल्लेश बिदरहून आला,
दारावर टिचकी मारून कान लावला.
सागवान अस्सल हाय, म्हणाला, बावीस हजार.
मग आत येऊन बॅटरी मारली.
हे ओरखडे घासून काढावं लागतंय.
त्याचे दीड हजार कापून.

मी मनात मांडणी केली :
पस्तीस वर्षांचे भाव,
बरोबर, उणे दीड हजार.

दर महिन्याला तो येतो.
जो आकडा बोलतो तो मी
त्याची गाडी वळली की
खालच्या फळीवर खिळ्यानं कोरून ठेवते, तारखेसकट.
पुढच्या खेपेला तो बॅटरी मारतो,
ओरखडे वाढलेत म्हणतो, आणखी कापतो.
मार्चात वीस पाचशे.
मेमध्ये एकोणीस सातशे.
काल अठरा.

अप्पांना जाऊन सांगितलं.
खाटेवर ते उताणे, डोळे मिटलेले,
दोन बोटांत एक मिरं फिरवत.
मंदी आहे, म्हणाले.
मंदीत विकायचं नसतं.