एकास बारा

अर्जाच्या नऊ प्रती. स्टेपल नको, क्लिपच लावा.
पंधरा मार्च, संध्याकाळी पाच.
पोस्टाचा शिक्का चालणार नाही, कागद हातात हवेत.

लव्हॉन टिमरमन, वय एकाहत्तर,
चर्चच्या तळघरात हीटरला गुडघा लावून बसते,
पहिल्या चौकटीत नाव लिहिते
आणि दुसरीपाशी अडते:
'आपले ध्येय, पन्नास शब्दांत.'

ध्येय कसलं? चार म्हातारे, एक शाळकरी पोरगा,
डेलबर्टचा पिकअप, उसनी आणलेली करवत.
ज्याच्या घराला पायऱ्या आहेत आणि पाय राहिले नाहीत
त्याच्या दारात आम्ही लाकडी उतार बांधतो.
मोजले. चौदा शब्द.
उरलेल्या छत्तिसांचं काय करायचं?

'मोजता येईल असा परिणाम.'
हे मात्र तिला येतं, मापावरच चाललंय सगळं:
एक इंच चढायचं तर बारा इंच लांबून यावं लागतं.
ओल्गा स्विट्झरच्या तीन पायऱ्या, एकवीस इंच,
म्हणजे एकवीस फूट फळ्या,
आणि मध्ये लायलॅकचं झुडूप, ते तोडू देईना,
म्हणून एक वळण जास्तीचं.
परिणाम: नोव्हेंबरपासून बाई टपालपेटीपर्यंत
स्वतः चाकं फिरवत जातात.
पेटी बहुतेक रिकामी असते.
(ही ओळ खोडली.)

अंदाजपत्रक: लाकूड, स्क्रू, सिमेंटच्या पाच गोण्या,
एकूण चार हजार आठशे डॉलर.
डेलबर्ट म्हणाला, कॉफी आणि डोनट धर की.
ती म्हणाली, नको.
देणाऱ्याला आधी डोनटच दिसतात.

मग सहाव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात:
'आपल्यापैकी कुणाचा क्रोगमन कुटुंबाशी
काही संबंध आहे वा होता काय? असल्यास खुलासा करावा.'
खुलाशाला दोन ओळी.

खिडकीबाहेर मिसिसिपी, काठाला अजून बर्फ चिकटलेलं.
ह्याच पाण्यातून क्रोगमनांनी शिंपले उपसले,
शिंपल्यांच्या गुंड्या पाडल्या,
कुठल्या कुठल्या गावच्या सदऱ्यांना पुरवल्या,
आणि गुंड्यांतून निघालं ग्रंथालय,
दवाखान्याची नवी इमारत, चौकातलं कारंजं, हा अर्ज.
यंत्रावर बावीस वर्षं तिची आई, हेडविग.
रोज पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी पांढरी होऊन यायची
आणि रात्रभर खोकायची.
एका हिवाळ्यात डावी तर्जनी गेली, पहिल्या पेरापर्यंत.
थोरल्या क्रोगमनांनी घरी हॅम पाठवला होता, लवंगा टोचलेला.
लव्हॉनला त्याची चव आठवते.
चांगला होता, खोटं कशाला बोला.

'लिहून टाक,' डेलबर्ट म्हणाला, 'पाझर फुटेल त्यांना.'
ती कितीतरी वेळ पेनाचं टोपण लावत काढत राहिली.
मग म्हणाली,
ते बोट एकदा गेलंय त्यांच्याकडे.
पुन्हा नाही पाठवायचं.
'नाही' वर खूण केली. इतकी दाबून
की खालच्या कोऱ्या पानावरही उमटली.

फाउंडेशनची कचेरी बँकेच्या वर.
जुनी इमारत, लिफ्ट नाही,
पितळी कठडा आणि दगडी जिना.
नऊ प्रती छातीशी धरून ती खाली उभी राहते
आणि सवयीनं मोजते:
चौदा पायऱ्या, सातसात इंचांच्या.
अठ्ठ्याण्णव इंच. अठ्ठ्याण्णव फूट.
बँकेच्या दारातून निघेल, रस्ता ओलांडेल,
कारंज्याला वळसा घालेल
आणि शेवटची फळी पार नदीत टेकेल.

चार वाजून चाळीस.
दुखरा गुडघा आधी की चांगला,
क्षणभर ठरत नाही.