हातचा

एकोणीस वर्षं मी परीक्षेची खोली राखतो आहे.
यॅकिमा खोऱ्यातलं आमचं दोन वर्षांचं कॉलेज,
मागे सफरचंदांच्या बागा, पुढे टायरचं दुकान.
उत्तरं बघायची मला परवानगी नाही.
म्हणून मी हात बघतो.

डेल्फिना अरेगिन आली तेव्हा
बोटांना अजून पॅकिंग शेडचं मेण होतं.
अडीच वाजलेले. तीनला तिची पाळी.
मी म्हणालो, या परीक्षेला वेळेची मर्यादा नाही.
ती म्हणाली, मला आहे.

यंत्र मोठं मानभावी.
बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड घालतं,
चुकलं की सोपा,
आणखी चुकलं की आणखी सोपा,
आजाऱ्याशी बोलावं तसा आवाज खाली आणत आणत
शेवटी विचारतं, सात आठे किती?
तेव्हा माणसाला कळतं आपलं काय झालं ते.

बावीस मिनिटांत ती उठली.
प्रिंटरने कागद दिला: गणित ६०.
म्हणजे कॉलेजच्या गणिताच्या तीन पायऱ्या खाली,
फी पूर्ण, श्रेयांक शून्य.
पायरी ओळखून वागावं, हे सांगायला
पूर्वी माणसं लागायची.

दारात थांबली.
त्या हौदाच्या प्रश्नात, म्हणाली,
एक नळ भरतो, एक रिकामा करतो,
तर तो दुसरा कुणी बंद का करत नाही?
मला हसू आलं. ती हसली नव्हती.
शेडच्या पट्ट्यावरून फळं धावताना
आठात एक डागी, हे ती मान न वळवता सांगते.
साडेबारा टक्के म्हटलं
की तेच सफरचंद तिला ओळख देत नाही.

वर्ग ऑनलाइन. एकतीस नावं.
सहाव्या आठवड्यात उरली अकरा.
दर सोमवारी वरून यादी येते, रंगवलेली,
ती छापून सल्लागारांच्या टेबलावर ठेवणं माझ्याकडे.
डेल्फिना लाल.
कारण, लॉगिन रात्री १:४०, १:५५, २:१०.
कारण, व्हिडिओ अर्ध्यात सोडलेले.
यादीला काय माहीत,
ही बाई लाँड्रीच्या वायफायवर व्हॅनमध्ये बसून शिकते,
आणि ड्रायर थांबला की व्हिडिओही थांबवते,
धाकट्याचे मोजे कुणी उचलू नयेत म्हणून.

मी तिला गाठलं.
नव्वद दिवस झाले, म्हटलं, परीक्षा परत देता येते,
दोन सत्रं वाचतील. वीस डॉलर पडतात.
ते वीस डॉलर माझ्या खिशात होते, तेवढं सांगितलं नाही.
ती म्हणाली, नको.
शाळेत मी बोटांवर मोजायचे, तेव्हा
मिसेस हॅल्व्हर्सन सगळा वर्ग थांबवून
त्यांना माझ्याकडे बघायला लावायची.
इथं कॅमेरा बंद असतो.
जन्मात पहिल्यांदा मी सावकाश चुकते आहे.

हे कुठल्या रकान्यात भरायचं ते मला कळलं नाही.

शेवटचा पेपर माझ्या खोलीत, समोरासमोर.
नियम भिंतीवर:
फोन नको, कॅल्क्युलेटर नको, टोपी नको.
बोटांबद्दल काही नाही.
मी दोनदा वाचलं.

सातव्या प्रश्नाशी तिचा डावा हात टेबलाखाली गेला.
एकेक बोट मांडीवर टेकलं, उचललं,
आणि एक दुमडलेलंच राहिलं.
हातचा एक.
उजवा हात वर लिहीत होता,
डाव्याची आणि त्याची जणू ओळखच नाही.
मी खिडकीकडे वळलो.
बागेत शिड्या लावून छाटणी चालली होती,
काय ठेवायचं, काय कापायचं,
वर चढलेला माणूस कुणाला विचारत नव्हता.

निकाल माझ्याकडे येत नाहीत.
ती कागद देऊन निघाली,
दार तिने कोपराने ढकललं.
डाव्या हाताचं ते बोट
अजून दुमडलेलं होतं.