चतुःसीमा

सब-रजिस्ट्रार कचेरीसमोर, झेरॉक्सच्या दुकानाला टेकून
माझं टेबल. बाँड रायटर म्हणतात मला.
लोक सांगतात मराठीत, मी लिहितो कन्नडमध्ये,
मग वाचून दाखवतो पुन्हा मराठीत.
एवढ्या ये-जा करण्यात एखादा शब्द
दर खेपेला उंबऱ्यातच अडकतो.

आज द्वारकाबाई कामकर, राहणार वडगाव, वय एकाहत्तर.
आधारावर द्वारका, उताऱ्यावर सुनंदा;
माहेरचं नाव रेशन आणतं,
सासरचं घरपट्टी भरतं.
म्हणून आधी एक प्रतिज्ञापत्र:
'वरील दोन्ही नावांची बाई एकच असून ती मीच आहे.'
सही करा, म्हटलं.
'कुठल्या नावानं?'
वीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

घेणार इराण्णा हुद्दार, बैलहोंगलचे, बस डेपोत मेकॅनिक.
बँकेचं कर्ज, वकिलांचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट,
बोजा निरंक.
निरंक हा शब्द मला आवडतो.
माणसाबद्दल लिहायला कधी मिळाला नाही.

वाचू लागलो.
कानडीत चक्कुबंदी, आपल्यात चतुःसीमा.
पूर्वेस रस्ता.
पश्चिमेस धोंडिबा तारळे यांचे घर.
'धोंडिबा जाऊन चाळीस वर्षं झाली की ओ.'
बाई, मूळ खतात आहे तसंच उतरवावं लागतं.
'मग असू दे. पश्चिमेला असू दे त्याला.'
उत्तरेस गटार.
दक्षिणेस रशीद मुजावर यांची मिळकत...
इथं तिनं हात वर केला, शाळेतल्यासारखा.
'मध्ये दीड फुटाचा बोळ आहे. तो लिहा.
त्यांच्या मागच्या खोलीला उजेड तिथनंच येतो.
दोघा म्हाताऱ्यांनी तोंडी ठरवलं होतं.
आता ती दोन्ही तोंडं गेली.'

नकाशात बोळ नाही, मी म्हटलं.
कागद छापून झालेत, टोकन अकरा वीसचं.
इराण्णांनी बायकोकडं बघितलं.
बायको म्हणाली, 'बरीरी.' लिहा.
मग दोघी कन्नडमध्येच बोलत बसल्या, मला वगळून.
सूतवाल्यांशी घासाघीस करून शिकलेलं तिचं कन्नड
माझ्या खतातल्यापेक्षा मऊ.
बोळ आत घातला. तिसरं पान पुन्हा छापलं.
टोकन चुकलं.

नंतरच्या टोकनाला सर्व्हर डाऊन.
बाकावर बसून इराण्णा विचारत होते,
मधल्या खोलीत फरशीचा रंग वेगळा कसा?
'मागाचा खड्डा होता. बुजवलाय मी.
पण पावसाळ्यात तिथं जरा खचतं.
कपाट ठेवू नका त्यावर.'
खतात असं कलम नसतं.
'सदर मिळकत निर्वेध व निजोखमी आहे',
एवढंच असतं, आणि ते सगळ्यांच्या खतात असतं.
माझ्या नावावर एक खोलीही नाही;
अकरा महिन्यांचा भाडेकरार दरवर्षी मीच लिहितो,
स्वतःकडून पैसे घेत नाही.

शेवटचं कलम मी नेहमी भराभर वाचतो:
आजपासून माझा अगर माझ्या वारसांचा
कसलाही हक्क, संबंध, वहिवाट राहिली नाही.
'हळू वाचा,' ती म्हणाली.
हळू वाचलं.
हळू वाचायला ते कलम केलेलंच नाही.

फोटो झाला, अंगठा झाला, चेक तिनं
चष्म्याच्या घरात घडी करून ठेवला.
घडी घालू नका, सांगेपर्यंत घालून झाली होती.

चारच्या सुमारास टेबल आवरताना पुन्हा समोर उभी.
'तिसऱ्या पानाची एक झेरॉक्स द्या.'
आता तुम्हाला कशाला, बाई?
'मला नको. मुजावरांच्या सुनेला.
बोळ कुठल्या ओळीत आहे, दाखवा.'
पेन्सिलनं खूण करणार होतो.
'नको,' म्हणाली, 'खोडून जाईल,'
आणि वरनं बोटानं ओळी मोजल्या.
पुन्हा एकदा मोजल्या.
मग रस्ता ओलांडून वडगावच्या बसकडं गेली,
पुटपुटत:
वरनं नववी, वरनं नववी.