मु. पो. सोहार

बलदियाच्या दुसऱ्या मजल्यावर माझं टेबल आहे,
खिडकी नाही.
शहर मला फोनवरच उजाडताना दिसतं.

सात पाच: मासळीबाजारामागे कचऱ्याचा डबा उलटा, वर तीन मांजरं.
सात बारा (वेळ; उतारा नव्हे): कॉर्निशवर कुणाचा तरी उंट.
सात वीस: उम्म खल्फान.
उम्म खल्फान रोज असते.
तिच्या गल्लीतला चारशे सतरा नंबरचा खांब
तिनं बावीस वेळा टाकलाय,
चंद्रासकट, चंद्राशिवाय,
एकदा तर खांबाला टेकलेल्या नातवासकट,
खाली लिहिलेलं: हा शाळेत जायला लागेपर्यंत तरी लावा.

मी उत्तर देते. तासाच्या आत, असा नियम आहे.
'अझीझी अल-मुवातिन', प्रिय नागरिक,
आपली तक्रार पोचली.
मग एक गुलाब.
गुलाब रय्या मॅडमनी सक्तीचा केला:
लोकांना भिंतीशी बोलल्यासारखं वाटू नये.
बाई चांगल्या आहेत. महिनाअखेर गुलाब मोजतात.

माझे अब्बा याच बलदियाचा पाण्याचा टँकर चालवायचे.
सत्तावीस वर्षं दुभाजकावरची फुलं जगवली.
त्यांना कुणी काही विचारलं नाही,
त्यांनीही कुणाला.
वेसवीला येणाऱ्या त्यांच्या पत्रावर मात्र
कोपऱ्यात ठळक असायचं: मु. पो. सोहार.
जणू इथेही एक पोस्टमन आहे,
सायकल भिंतीला टेकवून
नावानं हाक मारणारा.

एका रात्री सव्वाअकराला, पहिल्यांदाच मराठीत
(फोनला बोलून लिहिलेलं; वाचणारं कुणी असेल
असं त्यालाही वाटलं नसावं):

'म्याडम किंवा सर, इंडस्ट्रियलच्या मागं आमचा क्याम्प हाय.
रस्त्याला दिवा न्हाई. काल एक पोरगं खड्ड्यात पडलं, ढोपर फुटलं.
आमी तक्रार केली तर चालतं का?
बिभीषण ढगे, फरशीवाला.'

चालतं का.
चार भाषांतली तयार उत्तरं माझ्याकडे आहेत,
या प्रश्नाला एकही बसेना.

फॉर्ममध्ये दोनच चौकटी: मुवातिन, मुकीम.
मुकीम म्हणजे मुक्कामाला असलेला.
शब्द यांचाच, कधीतरी गलबतातून आपल्याकडे उतरला
आणि पाकिटावर चिकटून राहिला.
मी दुसऱ्या चौकटीत खूण केली.
माझीही तीच.
पत्ता विचारणं भाग होतं. त्यानं कळवलं:
'मु. पो. जिथं दिवा न्हाई तिथं.'

तेविसाव्या फोटोनंतर चारशे सतरा सहा तासांत लागला.
त्या फोटोत नातवाच्या पाठीवर दप्तर होतं,
अर्ध्या गावानं तो पुढे पाठवला होता.
क्याम्पाचा दिवा एकोणीस दिवसांनी.
मधल्या रात्री मी त्याला लिहीत राहिले,
नियमात नसलेलं:
आज काम पुढे सरकलं नाही. विसरलेले नाही.
गुलाब नाही.

विसाव्या रात्री त्याच्याकडून एक फोटो.
खांबाखाली प्लास्टिकची खुर्ची,
एकजण दुसऱ्याचे केस कापतोय,
मागे बनियनवर सातआठ जण, नंबर लावून.
रय्या मॅडम म्हणाल्या, उद्याच टाक;
शेजारी आधीचा काळोखही लाव.
मी त्यांना विचारलं, टाकू का?
बऱ्याच उशिरा उत्तर आलं:
'तोंडं नका दावू. निस्ता उजेड टाका.'

निस्ता उजेड टाकला.
अकरा लाइक.
त्यातला एक माझाच, घरच्या नंबरवरून.

आणि आत्ता, सात वीसला,
उम्म खल्फाननं खाली विचारलंय:
हा कुणाच्या दारातला खांब?

लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं.
तासातली एक्केचाळीस मिनिटं
अजून माझ्याकडे आहेत.