कडीवरचे आकडे

मे महिन्यात पहाटे पाचला
माझा दुधाचा टँकर बाउक्येच्या अंगणात शिरतो.
नळी जोडायची, पंप चालू करायचा,
मग अकरा मिनिटं हाताला काम नसतं.
त्या अकरा मिनिटांत मी घुबड बघायला शिकलो.

आमच्या फ्रीसलंडात जमीन समुद्राच्या खाली आहे,
म्हणून आभाळ जरा जास्तच येतं वाट्याला.
बाउक्येच्या छपराच्या टोकाला तिकोनी फळी,
दोन बाजूंना दोन लाकडी हंस, मधे भोक.
घर बांधतानाच ठेवलेलं, घुबडासाठी.
खिडक्या नंतर ठरल्या, म्हणते ती.

लोक त्याला चर्चचं घुबड म्हणतात.
हे मात्र गोठ्यातलं,
गाईंच्या गव्हाणीवर शिटणारं,
कापलेल्या सफरचंदासारखं तोंड असलेलं.
ते आलं की आवाज येत नाही,
असलेला आवाज जातो.
पंपाचासुद्धा.

जुना कॅमेरा घेतला, भिंगात बुरशी असलेला.
पहिल्या वर्षीचे चारशे फोटो:
खांब, धुकं, खांब,
पंखाचं टोक,
माझा अंगठा, फारच स्पष्ट.

दुसऱ्या वर्षी एकदा ते कुंपणावर बसलं
आणि पाय उचलून मान खाजवू लागलं.
घरी पडद्यावर मोठं करून पाहिलं
तर पायात कडी. कडीवर आकडे.
बाउक्येला दाखवलं.
तिने हात एप्रनला पुसले, मग पुन्हा पुसले.
'वित्सेची असेल,' म्हणाली.

वित्से तिचा नवरा. पिल्लांना कड्या घालायचा,
शिडीवर चढून, दातांत बॅटरी धरून.
त्याला जाऊन सहा हिवाळे झाले.
वही अजून आहे,
गुरांच्या डॉक्टरच्या बिलांखाली.

मग कामच लागलं.
कडी गोल, आकडे सात,
एका फोटोत दोन दिसायचे, फार तर तीन.
मधे गवत. मधे उंदराची शेपटी.
एकदा आठवडाभर पाऊस,
त्याचे पंख भिजतात, ते निघालंच नाही.
बाउक्ये रोज दारात यायची,
कॉफी द्यायच्या निमित्ताने,
आणि मी मान हलवायचो.

पाच चार शून्य, मग दोन, मग नऊ, एक.
शेवटचा आकडा तीन किंवा आठ.
बुरशी नेमकी तिथेच.

वही उघडली. दोन्ही एकाच वर्षीचे, नऊ वर्षांपूर्वीचे.
तीनसमोर लिहिलेलं:
आपलाच गोठा. तिसरं पिल्लू. चावलं. अंगठ्यातून रक्त.
आठसमोर:
हेसलची गिरणी. सगळ्यांत लहान. हे काही जगत नाही.

मला वाटलं, तिला तीन हवा असेल.
आपलं घर, आपलं पिल्लू.
ती बराच वेळ वाचत राहिली.
'आठ निघू दे,' म्हणाली,
'आयुष्यभर त्याचं सगळं बरोबरच यायचं.
जेवताना सुद्धा.'

जुलैत एका संध्याकाळी, साडेनऊला,
ऊन आडवं झालं होतं, कालव्यावर पिवळं,
ते माझ्यापासून सहा पावलांवर उतरलं.
माझ्याकडे पाहिलं,
टँकरच्या चाकाकडे पाहावं तसं.
पाय वळवला.

तीन.

सांगितलं तिला. 'हं,' म्हणाली.
त्या वहीत तिने कधी लिहिलं नव्हतं.
वित्सेच्या ओळीखाली, तिरप्या अक्षरात,
तारीख घातली. मग: आहे.
पेन बंद केलं, उघडलं,
आठच्या ओळीपुढे एक टिंब दिलं,
पूर्णविराम नव्हे,
जागा राखून ठेवतात तसं.

गोठ्यात कुणीतरी शेपूट आपटलं.
वर फळीच्या भोकातून पिल्लांचं फुसफुसणं,
जुनी केटली तापावी तसं.
तिने वर पाहिलं नाही.
'किती आहेत?' विचारलं.
मी म्हटलं, 'चार असावीत. शिडी कुठे आहे?'